पोचेस्तवर सांगायचं

तुमच्या घरात कुणी एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा "काय म्हणालास?" असं विचारलं, तर तुम्ही काय उत्तर देता? विचार करू नका, पटकन सांगा. मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर आलं: "काही नाही, जाऊ दे."

मलाही हे उत्तर साधंच वाटायचं. आता ते ऐकलं की मी हातातलं काम थांबवते. का, ते सांगते.

मी सोलापुरात पुनर्वसन समुपदेशनाचा अभ्यासक्रम करते आहे. अपघातानं, आजारानं किंवा जन्मापासून ज्याच्या शरीरात काही उणं आहे, त्याला कामावर, घरात, चारचौघांत पुन्हा पाय रोवता यावेत म्हणून त्याच्यासोबत बसायचं आणि वाट शोधायची, असं हे काम. मी इथे आले ती हक्कांची लढाई शिकायला. पहिले काही आठवडे आम्हाला खुर्चीवर बसायचं कसं, हेच शिकवत होते. समोरच्याकडे थोडं झुकून बसा. हाताची घडी नको. त्याचं वाक्य संपल्यावर लगेच बोलू नका. तो म्हणाला तेच आपल्या शब्दांत त्याला परत द्या, म्हणजे आपल्याला कळलं की नाही ते त्याला तपासता येतं. सल्ला तर मुळीच देऊ नका.

माझ्यासारखीला हे जड गेलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. आमचे आण्णा करकंबकडचे. मिसरूड फुटायच्या आत यंत्रमागावर कामाला म्हणून सोलापुरात आले आणि इथलेच झाले. दिवसा टॉवेलचे माग सांभाळायचे, सुटीच्या दिवशी युनियनची पत्रकं लिहायची. छापखान्यातून कच्ची प्रत घरी यायची. गुलाबी, नाहीतर पिवळा कागद, बोटाला लागणारी शाई. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या कागदांवर. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे मी आयुष्यात वाचलेले पहिले शब्द असावेत.

घरातही आण्णांचा एक नियम होता. मागणी लेखी द्यायची. शाळेची सहल असो, नवी चप्पल असो, भावाशी झालेलं भांडण असो, आण्णांसमोर उभं राहून कुरकुर केलेली चालायची नाही. कागदावर लिहायचं, विषय टाकायचा, खाली सही करायची. आण्णा चष्मा लावून वाचायचे आणि त्याच कागदाच्या तळाशी 'मंजूर' किंवा 'पुढील महिन्यात विचार करू' असं लिहून परत द्यायचे. शेजारची पोरं बापाकडे रडून मागायची, आम्ही अर्ज करायचो. मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या घरात तत्त्व आहे, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

अशा घरातून आलेली मुलगी समुपदेशनाच्या वर्गात काय करणार? वर्गात आम्हाला तिघातिघांचे गट करून सराव करावा लागायचा. एक समुपदेशक, एक अडचण घेऊन आलेला माणूस, एक नुसता बघणारा. माझ्या गटात अक्कलकोटकडचा एक मित्र होता. घरी कानडी बोलणारा, हळू, प्रत्येक वाक्याआधी जरा थांबणारा. एकदा तो पाय गमावलेला ट्रकड्रायव्हर झाला आणि मी समुपदेशक. पाचव्या वाक्याला मी त्याला नुकसानभरपाई, कायदा आणि मोर्चा असं सगळं देऊन टाकलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, तू ऐकत नाहीस, तू ठराव मांडतेस. मित्र म्हणाला, हिच्यासमोर बसलं की मला संपावर गेल्यासारखं वाटतं. वर्ग हसला. मीही हसले.

मॅडमनी आम्हाला तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवल्या. शरीरात काय उणं आहे, ही एक. त्यामुळे काय करता येत नाही, ही दुसरी. आणि भोवतालच्या लोकांनी, जागेनं, रिवाजानं काय अडवून ठेवलंय, ही तिसरी. पहिली डॉक्टरची, दुसरी सगळ्यांची, तिसरी आपली, असं त्या म्हणायच्या. एकच माणूस एका जागी अपंग असतो आणि दुसऱ्या जागी नसतो, हे त्यांचं वाक्य मी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पत्रकात घालण्यासारखं वाक्य होतं.

मग कामाचा अभ्यास आला. एखादा धंदा निवडायचा, तिथे जाऊन बसायचं आणि ते काम माणसाच्या शरीराकडून काय काय मागतं ते टिपायचं. किती उभं राहावं लागतं, काय उचलावं लागतं, डोळे लागतात का, कान लागतात का. मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं. मी अर्थातच यंत्रमागाची शेड निवडली. आण्णांची नव्हे. त्यांची शेड तोवर बंद झाली होती. मालकानं जुने माग भंगारात काढले आणि जागा मंगल कार्यालयाला दिली. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या एका शेडमध्ये गेले.

लहानपणी मी आण्णांचा डबा घेऊन शेडच्या दारापर्यंत जायचे. आत कधी थांबले नव्हते. आत गेल्यावर आधी आवाज येतो आणि थोड्या वेळानं तो आवाज राहत नाही, नुसता अंगावर दाब राहतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे मारला जातो, त्या प्रत्येक फटक्यानं फरशी हलते. कापसाचा भुगा सगळ्यांच्या भुवयांवर बसलेला. मी भिंतीकडेच्या स्टुलावर बसले आणि टिपायला लागले.

तिथे कुणीही आवाज काढून बोलत नव्हतं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण सगळे सतत बोलत होते. ओठ मोठे करून, हनुवटी उचलून, भुवयांनी, बोटांनी. धाग्याच्या कांड्या भरणारी बाई शेडच्या त्या टोकाच्या माणसाशी गप्पा मारत होती आणि तो हसत होता. मध्ये मागांच्या रांगा. एका कामगारानं माझ्याकडे पाहून ओठांनी विचारलं, कुणाकडं आलीस? मला ते स्वच्छ कळलं. इतकं सहज कळलं की मी टिपायची थांबले. ते तोंड मी ओळखत होते. आमची आई आण्णांशी बोलताना तोंड असंच करते.

थोड्या वेळानं मालक दारात आला आणि त्यानं पाठमोऱ्या कामगाराला हाक मारली. तो वळला नाही. त्याच्या समोरच्या मागावरच्या माणसानं नुसते डोळे उचलून त्याच्या खांद्यामागे पाहिलं. तेवढ्यानं तो वळला आणि "काय मालक?" म्हणाला, जणू हाक ऐकूनच वळला होता. कुणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. मी दिसलं तसं लिहिलं. हाक मागून आली, समोरच्यानं डोळ्यांनी सांगितली.

घरी आले तर आण्णा पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, आण्णा, चहा घेणार का? त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग मी वळसा घालून समोर गेले. आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. आण्णा, चहा घेणार का?

"अर्धा कप," आण्णा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. साखर टाकली, पावडर टाकली. हात चालू होते. आईला मी विचारलं, आण्णांना ऐकू येत नाही का? आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही.

"आत्ता कळलं व्हय? मला लग्नातच कळलं. मंगलाष्टका संपल्या, लोक टाळ्या वाजवाय लागले, आन ह्ये अंतरपाटाकडंच बघत उभं. भटजीचं तोंड दिसंना ना. भावानं कोपर मारलं तवा हार घातला."

मग कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. आईचं म्हणणं, त्यात सांगायचं काय? गल्लीतला कंचा बाप्या ऐकतुया? आणि हे खरंच होतं. आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. टीव्ही सगळ्यांचेच मोठ्यानं लागलेले असतात. सगळेच माग चालवून आलेले. जिथे सगळ्यांना कमी ऐकू येतं, तिथे बहिरं कुणीच नसतं.

म्हणजे मागणी लेखी द्या, हा नियम त्यासाठी होता. लहान पोरांचे ओठ वाचणं कठीण असतं. ती तोंडात घास घेऊन बोलतात, मान खाली घालून बोलतात, रडत बोलतात. ज्याला मी तत्त्व म्हणून मिरवत होते ती एक सोय होती. मला याचं काहीतरी वाटायला हवं होतं. वर्गात आम्हाला भावनांची यादी दिली होती, राग, दुःख, भीती, लाज, अशी. मी मनातल्या मनात एकेक शब्द लावून पाहिला. एकही बसला नाही. चहा उतू गेला तो आईनं उतरवला.

पुढे काही झालं नसतं तर कदाचित हे तिथेच राहिलं असतं. पण शेड बंद झाल्यावर आण्णा जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या गेटवर चौकीदार म्हणून लागले होते. आणि तिथे सगळं उलटं होतं. तिथे लोक आवाजानं बोलायचे. गाडीची काच चार बोटं खाली करून, समोर बघत, फोन कानाला लावून काहीतरी सांगायचे आणि निघून जायचे. आण्णांना ओठच दिसायचे नाहीत. मग ते "व्हय व्हय" म्हणायचे. काय सांगितलं ते कळलं नाही की ते नेहमी व्हय म्हणतात, हे आम्ही घरात कधी लक्षात घेतलं नव्हतं. कुरिअरवाला भलत्या इमारतीत जायचा. कुणी पाठीमागून हाक मारली की हे सरळ चालत राहायचे. सोसायटीत बोलणं सुरू झालं की माणूस उद्धट आहे, जुना युनियनवाला आहे, ऐकत नाही.

एका दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, मागचं गेट उघडा, अॅम्ब्युलन्स येते आहे. आण्णांनी वर पाहिलं. बाई हात हलवत होत्या. आण्णांनीही हात हलवला.

अॅम्ब्युलन्स बंद गेटसमोर उभी राहिली. शेवटी एका मुलीनं धावत जाऊन किल्ली मागितली. बाईंच्या सासऱ्यांना वेळेत नेलं, ते आता बरे आहेत. पण हात हलवल्याची गोष्ट सगळ्या सोसायटीत झाली. बाईंना ती थट्टा वाटली आणि त्यांच्या जागी मलाही वाटली असती. सेक्रेटरींनी आण्णांना बोलावून सांगितलं की महिनाअखेरीला कमिटी बसेल, तोवर दुसरीकडे बघून ठेवा. हेही आण्णांना अर्धंच कळलं. उरलेलं आईनं सेक्रेटरींच्या घरी जाऊन विचारून आणलं.

मी काय केलं असेल? मी लिहायला बसले. माझ्या हातात तेवढंच आहे. आयुष्यभर माग चालवून ज्याचे कान गेले, त्याला कान नाहीत म्हणून काढता? याचा जाब कोण देणार? असं दोन पानं. दुसऱ्या दिवशी मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, त्यांना काय हवंय ते विचारलंस का? मी म्हणाले, ते माझे वडील आहेत, मला माहीत आहे. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच ही केस तुला मिळणार नाही. आपल्या रक्ताच्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही, हा आमच्यातला पक्का नियम आहे. त्यांनी ती केस अक्कलकोटकडच्या मित्राला दिली.

आधी कानांची तपासणी झाली. सरकारी दवाखान्यात एक काचेची बंद खोली असते. आत बसायचं, कानावर हेडफोन, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. आण्णांनी इतकी बरोबर बटणं दाबली की तपासणाऱ्या बाई गोंधळल्या. आलेख जवळजवळ सरळ यायला लागला. मग त्यांच्या लक्षात आलं की हे काचेतून आपल्या तोंडाकडे बघतायत. आवाज सोडताना बाईंची भुवई जराशी हलायची, तेवढ्यावर आण्णा बटण दाबत होते. बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर बराच वेळ बटण दाबलंच गेलं नाही. आलेखाची रेघ खाली खाली गेली. बाहेर आल्यावर आण्णा मला म्हणाले, खुर्ची फिरवली नसती तर पास झालो हुतो.

मग मित्राची बैठक ठरली. आण्णांनी एक अट घातली. पोरगी खोलीत असू दे, पण माझ्या मागं बसू दे.

"तितनं ती काय बी बोलली तरी मला कळायचं न्हाय. मग तिला बी बोलायचा मोह हुनार न्हाय."

मित्रानं खुर्च्या हलवल्या. खिडकीचा उजेड स्वतःच्या तोंडावर येईल असा तो बसला. पुस्तकात खुर्च्यांचा कोन दिला आहे, उजेडाचं काही दिलेलं नाही. मी भिंतीशी बसले. मला आण्णांची पाठ, पांढरे केस आणि टोपीची रेघ दिसत होती.

मित्रानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. गाव, माग, युनियन. आण्णा त्याला पावणं म्हणायला लागले. त्यानं विचारलं की पत्रकात तुम्ही बोनस मागितला, फंड मागितला, पाळीची वेळ मागितली, कानांचं कधी काही मागितलं का? हा प्रश्न मला सुचायला हवा होता. इतकी वर्षं ती पत्रकं वाचून मला सुचला नव्हता.

आण्णा खुर्चीत जरा पुढे सरकले.

"मागितलं असतं तर मालक म्हनला असता, भैऱ्या मानसाला मागावर कशाला ठिवू? म्हनून आमी समद्यांनी मिळून झाकलं. मालक मागनं हाक मारायचा, समोरचा डोळ्यानं सांगायचा. कुनाचं बी उघडं पडू दिलं न्हाय. आता गेटावर समोर कुनी न्हाय, पावणं. यकटाच हाय मी."

मित्रानं ते परत दिलं, शिकवल्यासारखं. शेडात समोर कुणीतरी असायचं, गेटावर कुणी नाही. आण्णांनी मान हलवली. मग त्यानं विचारलं, काका, तुम्हाला काय हवंय? नोकरी राहावी, यंत्र मिळावं, भरपाई मिळावी, काय?

"ते समदं मिळालं तर घीन की. पर मी काय म्हनून ईचारलं की लोक म्हनत्यात, काय न्हाय, जाऊ द्या. ते नगं. शेडात असं कुनी म्हनत न्हवतं. पोचेस्तवर सांगायचं. यकदा न्हाय तर चारदा. धोटा उडाला तर मानूस जातं, तितं जाऊ द्या म्हनून कसं चालंल?"

मी मागे बसले होते. माझ्या तोंडून नकळत "आण्णा" असं निघालं, अगदी हळू. ते अर्थातच वळले नाहीत. पण मित्रानं ऐकलं. त्यानं नुसते डोळे उचलले आणि आण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेडमधली ती गोष्ट मीच त्याला सांगितली होती.

आण्णा लगेच वळले. "काय गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "जाऊ द्या."

आण्णांनी माझे ओठ वाचले. मग पुन्हा मित्राकडे वळून त्यांनी अंगठा माझ्या दिशेनं केला. "ह्ये बगा. घरातच हाय."

ते चिडले नव्हते. एखादा नमुना दाखवावा तसं दाखवलं. मी उठले, वळसा घालून त्यांच्या समोर, खिडकीच्या उजेडात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की मी नुसती हाक मारली होती, काही काम नव्हतं.

"मग तसं सांगायचं की," आण्णा म्हणाले.

त्यानंतर आम्ही गेटच्या कामाचा अभ्यास केला, मित्र आणि मी मिळून. यातलं बरंच सोपं निघालं. गाडीची खिडकी जिथे थांबते तिथे वर दिवा हवा. केबिनमध्ये आरसा हवा, म्हणजे मागून येणारा दिसेल. घंटीबरोबर पेटणारा बल्ब हवा. तातडीचं असेल ते फोनवर लिहून पाठवावं, आण्णांना वाचायला कुणी शिकवायची गरज नाही. आणि गेटवर एक बोर्ड हवा. बोर्डावर अडलं. बोर्ड लावायचा म्हणजे जे सगळ्यांनी मिळून जन्मभर झाकलं ते स्वतःच्या हातानं रस्त्यावर टांगायचं. आण्णा दोन दिवस त्यावर बोललेच नाहीत. मी मजकूर लिहून ठेवला होता. पहिली ओळ होती, 'बहिरेपण हा गुन्हा नाही!' आण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि ती ओळ खोडली. गुन्हा हाय असं कुनी म्हनलंय का, म्हणाले. मग कागदाच्या तळाशी, जिथे पूर्वी मंजूर लिहायचे तिथे, स्वतः लिहिलं:

'गेटवरील माणसास कमी ऐकू येते. समोर या. काच पूर्ण खाली करा. पोचेपर्यंत सांगा.'

मित्र म्हणाला, 'कृपया' घालू या का, काका? आण्णा म्हणाले, पत्रकात कृपया नसतंय.

कानाचं यंत्र आलं ते आधी घरी लावून पाहिलं. मी समोर बसले होते. मी बोलले, काहीतरी साधंच, जेवला का असं. मला वाटत होतं की ते माझ्या आवाजाबद्दल काही म्हणतील. इतक्या वर्षांत त्यांनी तो नीट ऐकलेला नसणार. आण्णा छताकडे बघत म्हणाले, पंखा बंद करा, लई आरडतोय. पंखा बंद केला. मग आईच्या बांगड्या, मग बाहेरची रिक्षा, मग स्वतःच्या चपला. थोड्या वेळानं त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. सवय व्हायला महिने लागतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी जेवायला वाढलं.

कमिटी बसली तेव्हा आण्णांसोबत मित्र गेला, मी नाही. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ आहेत. अॅम्ब्युलन्सच्या बाईही होत्या. त्यांना कळलं की तो हात थट्टेनं हलवला नव्हता, तेव्हा त्याच म्हणाल्या, ठेवा त्यांना. आरसा मंजूर झाला. दिवा मंजूर झाला. पाळी दिवसाचीच, यंत्र लावणं सक्तीचं. बोर्डाबद्दल एकमत झालं नाही. गेटवर बरं दिसत नाही, पाहुणे येतात, असं दोघांचं म्हणणं पडलं. तेव्हा तूर्त बोर्ड केबिनच्या आत लावा, पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं.

मित्र सांगतो, आण्णांनी सेक्रेटरींना विचारलं, आत लावून वाचनार कोन? मीच. मला म्हाईत हाय की मी भैरा हाय. सगळे हसले. बोर्ड आतच लागला.

मी परवा तिथे गेले होते. आण्णा केबिनमध्ये बसले होते, त्यांच्या डोक्यामागे त्यांचाच मजकूर. एक गाडी आली. काच चार बोटं खाली झाली, आतून काहीतरी बोललं गेलं. आण्णा उठले, जवळ गेले, वाकले आणि म्हणाले, "काय?" व्हय म्हणाले नाहीत. काय, असं म्हणाले. यासाठी त्यांना किती जोर लावावा लागला असेल ते मला आता मोजता येतं. आतल्या माणसानं हात झटकला. त्याचे ओठ मला लांबूनही वाचता आले. काच वर गेली, गाडी आत गेली. आण्णा परत येऊन बसले. माझ्याकडे बघून त्यांनी खांदे उडवले. मी तिथे उभी होते आणि मला पुन्हा काहीच वाटलं नाही. सुन्न झालेल्या पायावर उभं राहावं, तसं.

पुढच्या बैठकीत बोर्ड बाहेर लागेल की नाही, मला माहीत नाही. आण्णा "काय?" विचारत राहतील की पुन्हा "व्हय" म्हणायला लागतील, हेही माहीत नाही. ते त्या बोर्डावर कमी आणि काचेच्या आतल्या माणसावर जास्त अवलंबून आहे. म्हणून ही मागणी तुमच्याकडे, आणि ती लेखी देते आहे. कुठल्याही गेटवर काच पूर्ण खाली करा, तोंड समोर करा, समोरच्यानं काय म्हणून विचारलं तर पुन्हा सांगा. आणि आज घरी गेल्यावर, ज्या कुणाला तुम्ही मघाशी, काल, गेल्या वर्षी "काही नाही, जाऊ दे" म्हणाला होता, त्यांच्या समोर उजेडात जाऊन उभे राहा आणि तेव्हा काय म्हणाला होता ते सांगा. पोचेपर्यंत सांगा.